हो, तो हात खरा होता

पाहुणे आले की आमचा कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा कार्यक्रम ठरलेला असतो. आधी क्वीन मेरी बोट, मग बंदराच्या कडेकडेने चालत पाइक, आणि तिथे कॉफी. वाटेत शोरलाइन ड्राइव्हवर पायी चालणाऱ्यांसाठी एक पूल आहे, मुद्दाम रोलर कोस्टरच्या वळणांसारखा दिसेल असा बांधलेला. त्या पुलावर आलं की कुणीतरी विचारतंच. बहुतेक वेळा तो विमानात बसायच्या आधी सगळं वाचून आलेला एखादा भाचा असतो. “मामी, इथल्या भुताच्या घरात खरं प्रेत सापडलं होतं, हे खरं का?”

आजवर इतक्या जणांनी विचारलंत, म्हणून एकदाच नीट सांगते. हो, खरं आहे.

आज तिथे दुकानांची ओळ, सिनेमागृह आणि जेवायच्या जागा आहेत. खरा पाइक म्हणजे समुद्रकाठची करमणुकीची जत्राच, १९०२ सालची. त्या वर्षी ४ जुलैला लॉस एंजेलिसहून विजेची रेल्वे इथल्या किनाऱ्यापर्यंत आली आणि रविवारची सगळी गर्दी समुद्रावर लोटायला लागली. आंघोळीचा भलामोठा हौद, पाळणे, नेमबाजीच्या टपऱ्या, गोंदणवाले. नौदलाचा तळ जवळ असल्याने खलाशांची कायम वर्दळ. १९३० साली समुद्रात खांब रोवून ‘सायक्लोन रेसर’ उभा केला, शेजारी शेजारी दोन रूळ आणि त्यांवरून शर्यत लावणाऱ्या दोन गाड्या. तो १९६८ मध्ये पाडला. पुढे भराव टाकत टाकत समुद्रच लांब ढकलला, आणि १९७९ मध्ये पाइकही बंद झाला. आता तुम्ही ज्या पुलावर उभे राहून फोटो काढता, तो त्या सायक्लोन रेसरची आठवण आहे.

तुम्ही ज्याला भुताचं घर म्हणता त्याचं नाव होतं ‘लॅफ इन द डार्क’, म्हणजे अंधारातलं हसू. अशा खेळाची युक्ती साधी असते. न्यू जर्सीच्या लिऑन कॅसिडी नावाच्या माणसाने १९२८ च्या सुमाराला ती शोधली. काळोखी खोली, जमिनीवर एकच रूळ, त्यावर विजेवर चालणारी दोन माणसांची छोटी गाडी. रूळ इतका वेडावाकडा फिरवायचा की लहानशा जागेत बराच प्रवास झाल्यासारखा वाटतो. गाडी दारावर आपटते, दार धाडकन उघडतं. रुळाजवळची कळ चाकाने दाबली गेली की दिवा लागतो, समोर सांगाडा नाचतो, आणि ओरडून होईपर्यंत गाडी पुढच्या वळणाला लागलेली असते. कुठलीच गोष्ट दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त दिसू द्यायची नाही, यातच सगळी गंमत. आपल्या जत्रेतले तंबूवालेही हे ओळखून असतात. पडदा उघडून लगेच पाडायचा, म्हणजे बघणारा उरलेलं आपल्या मनाने रंगवतो.

डिसेंबर १९७६. ‘द सिक्स मिलियन डॉलर मॅन’ या टीव्ही मालिकेची मंडळी चित्रीकरणासाठी ‘लॅफ इन द डार्क’मध्ये आली. आतल्या एका फाशीच्या खांबाला एक पुतळा लटकत होता. अंधारात चमकावा म्हणून त्याला झगझगीत रंग फासलेला. तो आड येत होता म्हणून एकजण बाजूला सरकवायला गेला, तर हात निखळून आला. आत हाड होतं.

भाच्याला इथवरच हवं असतं. मला मात्र खरी गोष्ट इथून सुरू होते असं वाटतं.

तो लटकणारा माणूस म्हणजे एल्मर मॅककर्डी. १८८० साली मेन राज्यात जन्मलेला, नळजोडणीचं काम शिकलेला. सैन्यात असताना त्याला नायट्रोग्लिसरीन हे स्फोटक हाताळायचं थोडंफार शिक्षण मिळालं, आणि बाहेर आल्यावर त्याला वाटलं की आता आपण तिजोऱ्या उडवू शकतो. या माणसाइतका हातचं बिघडवणारा दरोडेखोर मी दुसरा ऐकलेला नाही. १९११ च्या मार्चमध्ये त्याने आगगाडीतली तिजोरी उडवली, पण स्फोटक इतकं जास्त घातलं की आतली चांदीची नाणी वितळून तिजोरीलाच चिकटली. त्याच वर्षी कॅन्ससमधल्या एका बँकेची भिंत आणि दार उडवलं, आतली तिजोरी मात्र फुटलीच नाही. ऑक्टोबरात ओसेज या मूळ अमेरिकन जमातीच्या हक्काचे चार लाख डॉलर घेऊन जाणारी गाडी लुटायचं ठरलं आणि हा पठ्ठ्या साथीदारांसह दुसऱ्याच गाडीत चढला. मिळाले ४६ डॉलर, दोन बुधले व्हिस्की, एक पिस्तूल, एक कोट आणि कंडक्टरचं घड्याळ. तीन दिवसांनी, ७ ऑक्टोबरला, ओक्लाहोमात गवत साठवायच्या एका कोठीत लपलेला असताना पोलिसांच्या गोळीने तो मेला.

पॉहस्का गावातल्या जॉन्सन नावाच्या अंत्यविधीवाल्याने प्रेत टिकावं म्हणून त्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक हे विष, भरला. न्यायला कुणीच आलं नाही. झालेला खर्च वसूल करायचा म्हणून जॉन्सनने त्याची दाढी केली, कपडे चढवले, हातात बंदूक दिली आणि कोपऱ्यात उभं केलं. बघायचे पाच सेंट. नाणं प्रेताच्या तोंडात टाकायचं, जॉन्सन नंतर काढून घ्यायचा. पाच वर्षांनी, १९१६ मध्ये, दोघेजण ‘आमचा भाऊ आहे हो’ म्हणत आले आणि प्रेत घेऊन गेले. ते भाऊबिऊ काही नव्हते, फिरत्या खेळांची कंपनी चालवणारे पॅटरसन बंधू होते. तिथून मॅककर्डीची जी भटकंती सुरू झाली ती साठ वर्षं संपली नाही. जत्रा, मेणाच्या गुन्हेगारांचं प्रदर्शन, एका सिनेमाची जाहिरात, वर्षानुवर्षं गोदाम. हळूहळू कातडी सुकली, आक्रसली, वर मेणाचे थर चढले, आणि तो खरा माणूस होता हे विकणारे-घेणारेही विसरले.

१९६८ मध्ये तो हॉलिवूड वॅक्स म्युझियमच्या मालकाकडे आला. हा मालक स्पूनी सिंग, पंजाबात जन्मलेला आणि कॅनडात वाढलेला. (हे नाव ऐकलं की आमचे पाहुणे हमखास खूश होतात. आपला माणूस सगळीकडे!) त्याने इतर पुतळ्यांबरोबर हाही घाऊक घेतला. मधेच माउंट रशमोरला एका प्रदर्शनात नेला असताना वादळी वाऱ्याने कानांची टोकं आणि हातापायांची काही बोटं तुटली. परत आल्यावर सिंगसाहेबांनी तो बाद ठरवला. दिसायला फार भयंकर, आणि पुरेसा जिवंत वाटत नाही, म्हणून! खऱ्या माणसाला खरेपणात नापास केलं. मग पाइकच्या एका भागीदाराने तो विकत घेतला आणि ‘लॅफ इन द डार्क’मध्ये टांगला.

त्याच्या खालून गाड्या जात राहिल्या. नवी जोडपी, शाळकरी पोरं, सुट्टीवरचे खलाशी, सगळे ओरडत, हसत जवळून गेले. त्यांना दोष द्यावासा मला वाटत नाही. तिकीट काढतानाच आत सगळं खोटं आहे हे ठरलेलं असतं, आणि गाडी थांबत नाही. भुताच्या घराइतकी प्रेत लपवायला उत्तम जागा नाही, आणि गंमत म्हणजे इथे ते कुणी लपवलंही नव्हतं.

हात निखळल्यावर झालेल्या शवविच्छेदनात वजन भरलं सुमारे २३ किलो. सोमल सापडला, जुन्या गोळीचा तुकडा सापडला. आणि तोंडात १९२४ सालचा एक सेंट आणि जुन्या प्रदर्शनाच्या तिकिटांचे तुकडे. त्या तिकिटांवरूनच शोध मागे मागे जात ओक्लाहोमापर्यंत पोचला. २२ एप्रिल १९७७ ला तिथल्या गथ्री गावच्या दफनभूमीत त्याला बिल डूलिन या नावाजलेल्या दरोडेखोराच्या शेजारी पुरलं. जिवंतपणी ही पंगत त्याला मिळाली नसती. पुन्हा कुणी उकरून नेऊ नये म्हणून शवपेटीवर काँक्रीट ओतलं.

माझ्या सासूबाई सहा महिने राहायला आल्या होत्या तेव्हा त्यांनाही मी पुलावर उभं राहून हे सगळं सांगितलं. भुताचं काही विचारतील म्हणून मी तयार होते. त्या बराच वेळ खालच्या गाड्या बघत राहिल्या.

“आपण तोंडात तुळशीचं पान ठेवतो,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “अगं, पुरायच्या आधी ते नाणं काढलं होतं ना?”

“हो आई. डॉक्टरांनी काढलं होतं.”