दोन अक्षरांची चूक

गेल्या शनिवारी कार्यालयातील आम्ही चौघे नाशिकमध्येच, गंगापूर रोडवर भरलेल्या वेब डेव्हलपर परिषदेला गेलो होतो. सकाळची सत्रे नव्या साधनांविषयी होती, तीही उपयुक्त वाटली. दुपारी मात्र एका दृष्टिहीन वक्त्याने स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, एक मराठी पान लावले आणि त्या पानाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे मूळ कोडमध्ये, भाषा ‘ईएन’ (इंग्रजी) अशी नोंदवलेली असल्यामुळे रीडरचा इंग्रजी आवाज देवनागरी मजकूर गाळत पुढे जाऊ लागला, तेव्हा मला मनापासून वाईट वाटले. तेथे ‘एमआर’ लिहिताच तोच मजकूर स्वच्छ मराठीत ऐकू आला. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातील कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातील फरक, किमान ४.५ : १ असावा, हा २००८ च्या डब्ल्यूसीएजी २.० या, संकेतस्थळे दिव्यांगांनाही वापरता यावीत यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांमधील निकषही त्यांनी समजावला. परतताना आमच्या टीममधील ताईंनी गाडीतच लॅपटॉप उघडला. द्राक्ष बागायतदारांसाठी आम्हीच केलेल्या संकेतस्थळावरही ‘ईएन’च होते. त्याच रात्री आम्ही ते बदलले.