लेट, कंडोन्ड

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवण लिहून द्या, असं पत्र आलं आणि कशाबद्दल लिहावं हा प्रश्नच पडला नाही. मला बाईंबद्दल लिहायचं आहे. नाव घालायची गरज नाही. आपल्या शाळेत नुसतं ‘बाई’ म्हटलं की त्या इंग्रजीच्याच बाई.

आम्ही वाडीवरची मुलं सकाळच्या पहिल्या एसटीने यायचो. पावसात गाडी घाटात रखडली की प्रार्थना हुकायची, आणि प्रार्थना हुकली की पहिला तास व्हरांड्यात उभं राहायचं, हा नियम. आठवीत असताना एकदा असेच चिंब भिजून पोचलो. बाईंनी गाडीचं विचारून घेतलं, दप्तरं पुसायला फडकं दिलं आणि हजेरीपटात आमच्या नावांपुढे लाल शाईने लिहिलं, ‘लेट, कंडोन्ड.’ मग वर्गात बसायला सांगितलं.

“बाई, म्हणजे उशीर धरला नाही ना?” मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

“धरला तर! लेट लिहिलंय की. धरलाच नाही तर माफ काय करणार?”

त्या दिवशी धडा झालाच नाही. बाईंनी फळ्यावर डोनेट, पार्डन आणि कंडोन असे तीन शब्द लिहिले. तिघांच्या पोटात लॅटिनमधला ‘देणं’ हा एकच धातू. कंडोन म्हणजे दुसऱ्याकडचं आपलं येणं सोडून देणं. शेजारी त्यांनी कनाइव्ह लिहिला. तोही लॅटिनमधलाच, मूळ अर्थ पापण्या मिटणं. बाईंनी स्वतः एक डोळा मिटून दाखवला. “हा काणाडोळा. यात चूक पाहिलीच नाही असं दाखवायचं. आणि कंडोन करताना दोन्ही डोळे उघडे हवेत.” कंडोन हा शब्द इंग्रजीत आधी जवळजवळ कोशापुरताच होता, १८५७ च्या इंग्लंडमधल्या घटस्फोटाच्या कायद्यानंतर तो रुळला, हेही त्यांनीच सांगितलं. १८५७ म्हटलं की उठाव एवढंच ठाऊक असलेल्या आम्हा मुलांना त्याचं केवढं अप्रूप वाटलं!

पुढे मी वकील झालो. विधी महाविद्यालयात १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम २३ समोर आलं तेव्हा त्यात कनाइव्ह आणि कंडोन हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी उभे होते. ज्याने जोडीदाराच्या व्यभिचाराला संमतीने वाट करून दिली, किंवा तो कळल्यावर क्षमा केली, त्याला त्याच कारणावर घटस्फोट मागता येत नाही. मला काही पाठ करावं लागलं नाही. पुण्याच्या एका दांपत्याच्या खटल्यात १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांच्या निकालपत्रात, कंडोनेशनचे दोन भाग सांगितले आहेत: क्षमा करणं आणि जोडीदाराला पूर्वीच्या जागी परत घेणं. अपराध पुन्हा होणार नाही, ही अटही त्यात गृहीत धरलेली असते. हजेरीपटात लिहून मग वर्गात बसवणाऱ्या बाई मला त्या निकालात दिसतात.

आज जिल्हा न्यायालयात माझे बरेचसे दिवस विलंबमाफीच्या, म्हणजे ‘कंडोनेशन ऑफ डिले’च्या, अर्जांत जातात. १९६३ च्या मुदत कायद्याचं कलम ५: ‘पुरेसं कारण’ दाखवलं तर मुदतीनंतरचा उशीर कोर्ट माफ करू शकतं. ज्युनिअर मुलं अर्जात उशीर झाकायला बघतात. मी त्यांना सांगतो, आधी उशीर किती झाला ते स्वच्छ लिहा, मग कारण लिहा. हे मी कुठल्या सीनिअरकडून शिकलेलो नाही.

वाईट वाटतं ते एका गोष्टीचं. हल्ली हा शब्द लोक ‘मान्य असणं’ एवढ्याच अर्थाने वापरतात. पुढारी पत्रक काढतात, आम्ही हिंसाचार कंडोन करत नाही. त्यातलं ‘देणं’ निघूनच गेलं. मोबाइलवर अर्थ एका ओळीत मिळतो आणि मुलं तिथेच थांबतात. आपल्या जुन्या इमारतीत शब्दकोशांचं कपाट होतं, बाई मधल्या सुट्टीत ते उघडून बसायच्या. नव्या इमारतीत मला ते दिसलं नाही. हजेरीही आता यंत्रावर असते, त्यात नावापुढे दोन शब्द लिहायला जागा नसते.

बाई आता लेकीकडे असतात. मागच्या दिवाळीत भेटायला गेलो तेव्हा कलम २३ मोबाइलवर काढून त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते स्वतः पुन्हा वाचलं, आणि ‘कनाइव्हड ॲट’मध्ये ‘ॲट’ का आलं, ते मला विचारलं.

आमच्या बॅचने बाईंच्या नावाने वाचनालयाला शब्दकोश द्यायचं ठरवलं आहे. मुख्याध्यापकांना एकच विनंती आहे, त्या कपाटाला कुलूप लावू नये.