ग्वार गमची फिल्म आणि पावसाळी हवा

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मी ग्वार गमची फिल्म, म्हणजे प्लॅस्टिकसारखा पातळ पापुद्रा, हा विषय घेतला. ग्वार गम म्हणजे गवारीच्या बियांतल्या मगजाची पूड; ती आइस्क्रीम आणि सॉस दाट करायला वापरतात. मसाल्याच्या, सॉसच्या चिमुकल्या प्लॅस्टिक पुड्या कचरावेचकही उचलत नाहीत, हे मला फार खुपायचं. तशा पुड्या या फिल्मच्या करता येतील का, हे बघायचं होतं.

पहिल्या दिवशी पूड एकदम पाण्यात ओतली. बाहेरून बुळबुळीत, आतून कोरड्या गुठळ्या! मग पिठल्यात बेसन पेरतात तशी चिमटीचिमटीने, ढवळत्या पाण्यात पेरली. १०० मिली पाण्याला १ ग्रॅम गम. द्रावण एवढं दाट की बुडबुडे वर येईनात, म्हणून रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी ९ सेंटिमीटरच्या प्लेटमध्ये २५ मिली ओतून ४५ अंशांवर ओव्हनमध्ये. नुसत्या गमची फिल्म पापडासारखी तडकली. गमच्या वजनाच्या ३० टक्के ग्लिसरॉल (फिल्मला लवचिक करणारा दाट द्रव) घातल्यावर ती वाकू लागली.

मार्चमध्ये सगळं छान जमलं होतं. जुलैत तीच कृती, तीच पूड, पण फिल्म बोटाला चिकटायची, ओढली की लांबत जायची. दोन आठवडे मी गमलाच दोष देत राहिले, नवा डबाही उघडला. शेवटी मॅडमनी विचारलं, "अगं, चाचणीआधी तुकडे ठेवतेस कुठे?" मी ते टेबलावर उघडे ठेवत होते. गम आणि ग्लिसरॉल दोघेही हवेतलं पाणी ओढतात, आणि ते पाणी फिल्म मऊ करतं. वाचलं होतं, पण हाताला तेव्हा कळलं.

मग डेसिकेटरमध्ये, म्हणजे घट्ट झाकणाच्या काचेच्या भांड्यात, मॅग्नेशियम नायट्रेटचं संपृक्त द्रावण ठेवलं. २५ अंशांना त्यावरच्या हवेत आर्द्रता सुमारे ५३ टक्क्यांवर टिकते. तुकडे दोन दिवस आत, मगच ताणून बघायचे. आकडे एकमेकांशी जुळू लागले. मार्चपासूनची वही मात्र बाजूला ठेवून सगळं पुन्हा करावं लागलं, आणि तेव्हा मी खरंच रडले.

वाफ अडवण्यात ही फिल्म कमकुवतच. मधमाश्यांचं मेण मिसळलं तेव्हा थोडी सुधारली, पण दुधाळ झाली. तेल मात्र ती उत्तम अडवते, म्हणून मी तेलाचीच पुडी करायचं ठरवलं. उष्णतेने ही फिल्म वितळत नाही, त्यामुळे सीलिंग मशीन निरुपयोगी. पाकिटाच्या कडेसारखी ओल्या बोटाने कड भिजवली, दाबली, वाळवली. आत शेंगदाण्याचं तेल भरून पुडी फिल्टर पेपरवर ठेवली. सात दिवस झाले, कागदावर डाग नाही.