पेश कशासाठी?

पुण्यात कॅम्प भागातल्या एका शाळेत मी माध्यमिक वर्गांना अरबी शिकवते. संवाद, वाचन असलं की मुलं खुलतात. नहव, म्हणजे वाक्याचं व्याकरण, काढलं की चेहरे उतरतात.

त्या दिवशी नववीत फाइल आणि मफऊल, म्हणजे कर्ता आणि कर्म, चालू होतं. व्याख्या सगळ्यांना पाठ होत्या. मी व्याकरणाच्या पुस्तकांतलं जुनंच वाक्य फळ्यावर लिहिलं : 'झरबा झैदुन अम्रन', झैदने अम्रला मारलं. मग शब्दांची अदलाबदल केली : 'झरबा अम्रन झैदुन'. आता कोणी कोणाला मारलं? वर्ग एका सुरात म्हणाला, "अम्रने झैदला!"

मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र घुटमळत म्हणाला, "मॅडम, 'रावणाला रामाने मारलं' म्हटलं तरी मारणारा रामच असतो. इथंही शेवटच बघायचा ना?"

अगदी बरोबर! आपल्याकडे 'ने' आणि 'ला' जे सांगतात, ते इथे शब्दाच्या शेवटचा स्वर सांगतो. कर्त्याला पेश, म्हणजे 'उ'चा स्वर; कर्माला जबर, म्हणजे 'अ'चा. 'स-ला-ते'चा तक्ता घोकून वैतागलेल्या मुलाला हे आपणहून सुचलं, याचा मला फार आनंद झाला.

मग लहानपणापासून कुराण सुरेख वाचणारी एक मुलगी उठली. "'अल्हम्दु'वरची पेश मी रोज म्हणते. ती तिथे का आहे, हे कोणी सांगितलंच नाही." मी सांगितलं, 'हम्द', म्हणजे स्तुती, हे वाक्याचं उद्देश्य आहे म्हणून पेश; पुढे 'लिल्लाहि'त, म्हणजे 'अल्लाहसाठी'त, 'लि' हे अव्यय आलं म्हणून जेर, म्हणजे 'इ'चा स्वर. ती मनातल्या मनात पुढच्या आयती म्हणत गेली आणि थबकली. "मग 'इय्याक नअबुदु'मधल्या 'नअबुदु'वर पेश कशी? ते तर क्रियापद आहे." वर्तमानकाळी क्रियापदही हे स्वर घेतं, हा धडा आमच्या पुस्तकात बराच पुढे आहे. मी तो तिथेच शिकवला. 'इय्याक' हे कर्म आधी आल्यामुळे 'आम्ही तुझीच उपासना करतो' असा 'तुझीच'वर जोर येतो, हेही सांगितलं. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी वह्या मिटल्या नाहीत.

मुलांना व्याकरण नको असतं, असं मला वाटत नाही. वाक्याआधी व्याख्या पुढ्यात येते, ती त्यांना नकोशी होते. आता मी वाक्यापासूनच सुरुवात करते आणि संज्ञा नंतर सांगते. क्रियापदाच्या चौदा रूपांचा तक्ता आला की कुरकुर अजूनही होतेच. तो पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही.