अवर किड

मँचेस्टरमध्ये वृद्धांच्या वॉर्डात मी नर्स आहे. मागच्या हिवाळ्यातली एक रात्र अजून डोक्यातून जात नाही.

७८ वर्षांचे आजोबा, खुब्याचं हाड मोडलेलं, सकाळी ऑपरेशन. बायको वारलेली, मूलबाळ नाही, अशी नोंद. रात्री दोनला म्हणाले, ‘अवर किडला फोन लाव, वाट बघत असेल.’

‘किती वर्षांचा आहे?’

‘८१.’

खुब्याच्या रुग्णांना अचानक भ्रम होणं सर्रास घडतं, म्हणून आम्ही डोळ्यांत तेल घालून असतो. त्यासाठी फोर-एटी नावाची चाचणी आहे. वय, जन्मतारीख, ठिकाण, साल, सगळं त्यांनी अचूक सांगितलं. डिसेंबरपासून उलटे महिने तर धडाधड म्हटले. तिथपर्यंत शून्य गुण. शेवटचा प्रश्न मात्र नर्सच्या निरीक्षणाचा: वागण्यात अचानक बदल? ‘हो’ला थेट ४ गुण, आणि ४ म्हणजे भ्रमाची शक्यता. मी ‘हो’ केलं. फोन लावलाच नाही. पहाटेपर्यंत त्यांनी तीनदा विचारलं. मी हात धरून ‘झोपा आता’ म्हणत राहिले.

सकाळी इथलीच एक मदतनीस बाई म्हणाली, ‘अगं, अवर किड म्हणजे भाऊ!’ इकडे भाऊ असो की बहीण, सत्तरीतही ‘किड’च. बहुतेकदा धाकट्याला म्हणतात, पण थोरल्यालाही चालतं. आणखी उत्तरेकडे ‘अवर लास’ म्हणजे कुणाची बायको, कुणाची बहीण. त्यातला ‘अवर’ मला कळायला हवा होता. माझी आजी जन्मभर ‘आमचे हे’ म्हणाली, त्यात ‘आमचे’ कोण हे कुणी विचारलं नाही.

इथे नर्स म्हणून नोंदणीसाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकण्याचे ७ गुण मागतात, ते मला होते. त्या ध्वनिफितींत असलं घरगुती बोलणं मला कधी ऐकू आलं नाही. परदेशी नर्सेसना वॉर्डावर उभं करण्याआधी त्या गावच्या माणसांबरोबर दोन दिवस नुसतं बसवलं पाहिजे, असं मी तेव्हापासून वरिष्ठांना सांगतेय.

दुपारी थोरले भाऊ काठी टेकत आले. ‘रात्रभर फोन उशाशी घेऊन बसलो होतो,’ म्हणाले. मी माफी मागितली. दोघांनीही माझीच समजूत घातली.

संगणकातली नोंद खोडता येत नाही. खाली दुरुस्ती लिहिता येते. ती मी लिहिली. तरी घरी पाठवतानाच्या पत्रात, त्यांच्या डॉक्टरांसाठी, ‘दाखल असताना भ्रम’ असं छापून गेलं.