"कांदा नको" म्हटलं की काकांचा हात थांबायचा

मी नाशिकमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, स्ट्रोकचे पेशंट रोजचेच, पण एका मिसळवाल्या काकांची केस डोक्यातून जातच नाहीये.

स्ट्रोक मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात, आतल्या बाजूला. उजवा पाय थोडा कमजोर, पण हाताला ताकद होती, पकड छान, रस्सा ओतताना थेंब सांडत नव्हता. तरी धंदा बंद. घरचे म्हणायचे हात तर चांगलाय, मनच लागत नसेल. हे ऐकून काका नुसते खाली बघायचे, मला फार लागायचं ते.

एक दिवस काकूंना म्हटलं सगळं सामान घेऊनच या. टेबलावर मटकी, फरसाण, कांदा, कोथिंबीर, रस्सा मांडला आणि काकांना प्लेट लावायला सांगितली. त्यांनी मटकी घातली, परत मटकीच घातली, मग पळी धरून उभे. आयुष्यभर हेच केलेला माणूस! मग काकू शेजारून एकेक नाव घ्यायला लागल्या, फरसाण, कांदा, रस्सा, आणि काकांचा हात जो सुटला ना, रविवारच्या गर्दीत चालत असेल तसा. काकू गप्प झाल्या की हातही गप्प.

जपानमध्ये तान्जी आणि शिमा या शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये माकडांना ढकलणं, ओढणं, फिरवणं वेगवेगळ्या क्रमाने लक्षात ठेवून करायला शिकवलं होतं, तेव्हा सप्लिमेंटरी मोटर एरिया (एसएमए), म्हणजे मेंदूच्या आतल्या बाजूचा हालचाली आखणारा भाग, त्यातल्या काही पेशी एका ठराविक क्रमाआधीच जाग्या व्हायच्या, त्याच हालचाली दुसऱ्या क्रमाने करायच्या असल्या की शांत. १९९८ मध्ये त्यांनी तो भाग औषधाने तात्पुरता बंद केला, तर खूण दाखवली की माकडांना जमायचं, आठवणीतून नाही. काकांचा स्ट्रोक त्याच भागात. म्हणजे हालचाली शाबूत, त्यांची ओळ लावणारा भाग दुखावलेला, आणि काकूंचा आवाज ती ओळ बाहेरून पुरवत होता. घरच्यांना हे समजावलं तेव्हा मुलगा रडला.

मग काकू मधेच म्हणाल्या "याला कांदा नको", आणि हात कांद्यावर अडकला तो अडकलाच. ठरलेला बेत ऐनवेळी बदलायला त्या भागाच्या जरा पुढचा, प्री-एसएमए, लागतो. मिसळच्या धंद्यात तर प्रत्येक गिऱ्हाईक काहीतरी बदलतंच, कुणाला तर्री जास्त, कुणाला दही वेगळं.

आता समोर क्रमाने चित्रं लावलीयेत, हळूहळू एकेक काढतोय. साधी प्लेट बिनचित्रांची जमते. बदललेल्या ऑर्डरला अजून काकू लागतात, सध्या सगळी मेहनत तिथेच चाललीये.