नाडीची सुरगाठ आणि माझा अंगठा

तीन आठवडे. एका अंगठ्यापायी तीन आठवडे गेले, हे अजून डोक्यातून जात नाही.

लेक सहा वर्षांची. वेल्क्रोचे बूट लहान झाले, नवे नाडीचे आले आणि बांधायला शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. साधारण पाच ते सात या वयात बहुतेक मुलांना ते जमू लागतं, म्हणजे वेळ बरोबर होती. पहिली अर्धी गाठ, एक नाडी दुसरीवरून घेऊन खालून ओढायची ती, तिला दोन दिवसांत आली. म्हटलं, आठवड्यात काम फत्ते.

एक चूक मात्र पहिल्याच दिवशी केली. मी तिच्यासमोर बसून दाखवत होतो. समोरून माझा उजवा हात तिच्या डाव्या बाजूला दिसणार. बिचारी मनातल्या मनात सगळं उलटं फिरवत बसायची. शेजारी बसा, नाहीतर मुलाला मांडीत घेऊन मागून हात पुढे आणा.

मग शेवटाकडून सुरुवात केली. सगळं मी करायचं आणि दोन्ही फासे धरून शेवटचं ओढणं तेवढं तिचं. हे फार छान चाललं, कारण गाठ दर वेळी तिच्याच हातून पुरी व्हायची. 'मी बांधली!' म्हणून घरभर नाचली. ओढणं पक्कं झालं की त्याच्या आधीची पायरी द्यायची, मग त्याच्या आधीची.

ती आधीची पायरीच आम्हाला नडली. एक फासा उभा धरलाय, दुसरी नाडी त्याच्याभोवती फिरवून आणलीय, आता त्या नाडीखाली जे भोक तयार होतं त्यातून तिचाच दुसरा फासा ढकलायचा. कधी फासा न होता टोकच आरपार निघून यायचं, कधी भोकच सापडायचं नाही, कधी ढकलण्याच्या नादात पहिला फासा सुटायचा. संवाद रोज तोच.

"अगं, तिथून घाल."

"कुठून?"

"तिथून गं!"

मी पुन्हा करून दाखवायचो. आधीपेक्षा हळू आणि आधीपेक्षा मोठ्या आवाजात. आवाज कशाला चढायचा, मलाच ठाऊक. तिचे डोळे तेव्हा माझ्या हातांवर नसायचेच, चेहऱ्यावर असायचे. बाबा चिडलाय का, हे बघण्यात. त्यात माझे हात. ती चार सेकंद अडखळली की ते आपोआप पुढे जाऊन काम उरकून टाकायचे. आठवडाभराने तिने अडखळून नुसतं थांबायला सुरुवात केली. का नाही थांबणार?

बघून मुलं शिकतात याचा दाखला म्हणून अल्बर्ट बांडुरा यांचा 1961 चा प्रयोग नेहमी सांगतात: मोठ्या माणसाने फुगवलेल्या बाहुल्याला बडवलेलं बघून मुलांनीही त्याला बडवलं. तो मला माहीत होता, म्हणून जास्तच चीड येई. पन्नास वेळा दाखवलं, मग हिला का येत नाही?

शेवटी बायकोने माझ्या खांद्यावरून माझ्याच हातांचा व्हिडिओ काढला. बघितला आणि गप्प झालो. ढकलण्याचं सगळं काम माझा अंगठा करत होता, आणि तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत तर्जनीमागे दडलेला. बाहुल्याला मारलेला ठोसा उघड्यावर असतो हो. मी तीन आठवडे पोरीला जादूचा प्रयोग दाखवत होतो आणि वर म्हणत होतो, आता तू कर.

तिथून पुढे अंगठा लांब करून, मधेच थांबून दाखवायला लागलो. त्या भोकाला आम्ही 'खिडकी' नाव दिलं. 'तिथून'पेक्षा हजारपट बरं. हात चालू असताना तोंड बंद, बोलायचं असेल तर हात थांबवून. आधी तिच्या हातावर माझा हात, मग नुसता मनगटाला आधार, मग बोटाने खूण, मग फक्त 'खिडकी' हा शब्द, मग तोही नाही. 1976 मध्ये वूड, ब्रुनर आणि रॉस यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळे रचायला शिकवण्याचा अभ्यास केला, तेव्हा अशा मदतीला त्यांनी परांचीची उपमा दिली. परांची इमारत उभी राहिली की काढायची असते. मी तिच्यावर बिऱ्हाडच थाटलं होतं. चौथ्या आठवड्यात अक्षरशः स्वतःच्या हातांवर बसून राहिलो.

पाचव्या दिवशी बांधली तिने. सैल, वेडीवाकडी, पण पूर्ण तिची. मला बूट काढू देईना.

हो, एक राहिलंच: नाड्या दोन रंगांच्या घ्या, एका बाजूची एक, दुसऱ्या बाजूची दुसरी. कोणती कोणाभोवती जाते ते लगेच दिसतं. मला हे फार उशिरा सुचलं. गोल, गुळगुळीत नाडी सुरुवातीला नको, चपटी बरी. सराव पायातल्या बुटावर नको, मांडीवर घेतलेल्या बुटावर, टोक पुढे करून. आणि बाहेर पडायच्या घाईत तर मुळीच नको. बांधलेले फासे बुटावर आडवे न राहता लांबीत उभे पडत असतील, तर दोन्ही गाठी एकाच दिशेने पडल्यात. पहिली अर्धी गाठ उलट बाजूने घ्यायला सांगा, सुटणं कमी होईल. आणि मूल डावरं असून तुम्ही उजवे असाल, तर वर लिहिलेलं विसरा आणि खुशाल समोर बसा. त्याला तुम्ही आरशासारखेच दिसायला हवे.

परवा ती धाकट्या भावाला शिकवत होती. शेजारी बसून, अंगठा लांब करून, 'खिडकी' वगैरे सगळं व्यवस्थित. तो अडखळला. चार सेकंद गेले आणि तिचे हात पुढे आले.